घरच्या सुतारकामासाठी विजेवर चालणारी पहिली करवत कोणती घ्यावी?

आम्रपर्ण

नमस्कार. गेली दोन वर्षे मी घरच्या घरी सुतारकाम शिकते आहे. हातकरवत, रंधा, पटाशी आणि गुण्या (काटकोन तपासायचे साधन) एवढ्या साधनांवर दोन स्टुले, चपलांचे एक कपाट आणि स्वयंपाकघरातली मसाल्याच्या डब्यांची मांडणी करून झाली. आता मुलीसाठी अभ्यासाचे टेबल आणि दिवाणखान्याच्या भिंतीलगत पुस्तकांचे कपाट करायचे ठरवले आहे. त्यासाठी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या तीन शीट तरी कापाव्या लागतील.

मागच्या महिन्यात एका शीटमधून ८ फूट लांबीची एक पट्टी हातकरवतीने कापून पाहिली. तिला ४० मिनिटे लागली, आणि शेवटच्या दोन फुटांत हात दमल्यामुळे करवत रेषेच्या बाहेर जवळजवळ दीड सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेली. ती कड सरळ करण्यासाठी रंधा चालवला, तर प्लायच्या आडव्या थरांचे टवके उडाले आणि पट्टी वाया गेली. तेव्हापासून विजेवर चालणारी करवत घ्यावी असे मनात आहे.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. कामाला १० फूट बाय ४ फुटांची गॅलरी आहे आणि एकूण १२,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आमच्याकडे फर्निचरच्या कामाला आलेले सुतार ४ इंची कटर वापरत होते. दुकानदारानेही तोच पुढे केला आणि 'सगळे मिस्त्री हाच नेतात' असे सांगितले. कटर घ्यावा, मोठी सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायची गोल ब्लेडची करवत) घ्यावी, जिगसॉ (वरखाली चालणाऱ्या बारीक पात्याची करवत) घ्यावी की एखादी लहान टेबल सॉ (जिचे ब्लेड टेबलातून वर आलेले असते), हे ठरत नाही. ज्यांनी स्वतः वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिसवी

आम्रपर्ण, दुकानदार सांगतो ते खरे आहे, सगळे मिस्त्री तोच कटर नेतात. परंतु तो का नेतात हे समजून घेतले, तर तुम्ही तो का घेऊ नये हेही लक्षात येईल.

हा कटर मुळात फरशी आणि दगड कापण्यासाठी बनवलेला आहे. त्याला ११० मिलिमीटरचे ब्लेड लागते. वजनाला तो हलका आणि किमतीला स्वस्त असतो. ब्लेड बदलले की त्याच यंत्राने सकाळी ग्रॅनाइट आणि दुपारी प्लाय कापता येते, आणि फळीला खाच पाडून तो उलटा बसवला की कामाच्या जागी टेबल तयार होते. रोज वेगळ्या घरात जाऊन काम करणाऱ्या कारागिराला याहून सोयीचे दुसरे काय असणार? मात्र दगडाच्या ब्लेडला दात नसतात, त्यामुळे यंत्र बनवणाऱ्याने ब्लेडचा फक्त वरचा भाग झाकलेला असतो आणि खालचा भाग उघडाच राहतो. त्यावर लाकडाचे टी.सी.टी. (टंगस्टन कार्बाइडच्या दातांचे) ब्लेड चढवले की ते उघडे दात मिनिटाला सुमारे १३,००० फेऱ्यांनी फिरतात. हिशेब केला तर ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर होतो. बटण सोडल्यावरही ब्लेड काही सेकंद फिरत राहते, आणि नवशिक्या माणूस नेमका त्याच वेळी यंत्र मांडीजवळ आणतो किंवा खाली ठेवतो.

७ इंची सर्क्युलर सॉला खालच्या बाजूने स्प्रिंगवर चालणारा गार्ड असतो. करवत लाकडात शिरते तसा तो मागे सरकतो, आणि बाहेर पडताच आपोआप ब्लेड झाकतो. पहिली करवत घेताना हा एक भाग मी कशासाठीही सोडणार नाही. ब्लेड मिनिटाला साधारण ५,००० फेऱ्यांनी फिरते, सरळ कापताना सुमारे ६५ मिलिमीटर खोल जाते आणि ४५ अंशांत तिरके कापतानाही ४० मिलिमीटरच्या पुढे पोहोचते. ४ इंची कटर ३० ते ३४ मिलिमीटरवर थांबतो. प्लायसाठी तेवढे पुरते, पण पुढे कधी दोन इंची सागवानी फळी हातात आली की पुरत नाही.

वजन मात्र चार किलोच्या आसपास असते, त्यामुळे दुकानात हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे: अँगल ग्राइंडरला (धातू घासायच्या आणि कापायच्या यंत्राला) लाकडाचे दातेरी ब्लेड कधीही लावू नका. त्याचा गार्ड त्या कामासाठी नाही आणि ब्लेड अडकले की यंत्र हातातून निसटते.

सातपुडा

शिसवी यांचे सुरक्षिततेबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण पहिली करवत म्हणून मी जिगसॉचीच शिफारस करीन. तिचे पाते शिलाईयंत्राच्या सुईसारखे वरखाली चालते, आणि ही तुलना केवळ दिसण्यापुरती नाही. १९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान या अभियंत्याने घरच्या शिलाईयंत्रात सुईच्या जागी करवतीचे पाते अडकवून पाहिले, त्यातूनच हे यंत्र जन्माला आले.

जिगसॉ अडकली तर जागच्या जागी थडथडते, पण अंगावर उसळी घेत नाही. तिची भीती कमी वाटते, म्हणून माणूस ती जास्त वापरतो आणि त्याचा हात लवकर बसतो. आवाज आणि उडणारा भुसाही त्या मानाने कमी असतो, आणि सदनिकेत राहणाऱ्याला हे महत्त्वाचे आहे. अभ्यासाच्या टेबलाचे कोपरे मुलीला लागू नयेत म्हणून गोल करायचे असतील, किंवा वायर खाली नेण्यासाठी मधोमध भोक पाडायचे असेल, तर सर्क्युलर सॉ तिथे काहीच करू शकत नाही. मी पहिली चार वर्षे फक्त जिगसॉवर काढली आणि त्यात एक पलंगही केला.

शिसवी

सातपुडा, गोलाईचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु आम्रपर्ण यांची अडचण ८ फुटी सरळ कापाची आहे. जिगसॉचे पाते फक्त वरच्या टोकाला धरलेले असते आणि खालचे टोक मोकळे असते. वरून पट्टीला चिकटून अगदी सरळ चाललो तरी १८ मिलिमीटरच्या जाडीत पाते खाली एका अंगाला वाकते, आणि कड गुण्याला लागत नाही. पुस्तकांच्या कपाटात अशा कडा एकमेकींना भिडवल्या की वरून सांधा बंद दिसतो आणि आतून फट राहते. तुम्ही पलंगाच्या कडा नंतर रंधून घेतल्या असतील, असा माझा अंदाज आहे.

सातपुडा

होय, रंधून घेतल्या. तो पलंग भरीव लाकडाचा होता, त्यामुळे ते जमले. प्लायच्या कडा रंधायला मीही सांगणार नाही. लांब सरळ कापांसाठी तुमचे म्हणणे मान्य. तरीही जिगसॉ घेणाऱ्यांसाठी एवढे लिहून ठेवतो: पाते मागेपुढे झुलवण्याची जी कळ असते, ती प्लाय कापताना शून्यावर ठेवावी, बारीक दातांचे पाते लावावे आणि यंत्र ढकलू नये. वाकण्याचे निम्मे कारण आपली घाई असते.

पाचर

मी चिपळूणजवळ राहतो. आमच्याकडे प्लायपेक्षा घरचे लाकूड जास्त असते. जुन्या घराचे सागवानी वासे आणि फणसाच्या फळ्या पडवीत रचलेल्या आहेत. मी वर वर्णन केलेला कटर फळीखाली उलटा बसवून तीन वर्षे वापरला. त्या काळात काही झाले नाही, म्हणून ते बरोबर आहे असे मी समजत होतो.

फणसाची फळी उभी चिरत होतो. साधारण दोन फूट कापल्यावर लाकडाने अंग टाकले, म्हणजे ते वाकले, आणि कापाची मागची खाच मिटली. ब्लेडचा मागचा भाग त्या खाचेत चिमटला गेला आणि फळी उसळून माझ्या पोटावर आदळली. डावा हात फळीच्या मागे होता, तो फळीबरोबर ब्लेडकडे ओढला गेला. अंगठ्याला सात टाके पडले. अंगठा शाबूत राहिला, पण त्याच्या शेंड्याला आजही नीट स्पर्श कळत नाही. तयार टेबल सॉमध्ये ब्लेडच्या मागे त्याच रेषेत एक उभी पोलादी पट्टी असते, ती खाच मिटू देत नाही. माझ्या फळीच्या टेबलाला ती नव्हती, गार्ड नव्हता आणि चटकन बंद करायचे बटणही नव्हते, कारण कटरचे बटण चालू स्थितीत अडकवून ठेवलेले होते.

आता ७ इंची सर्क्युलर सॉ वापरतो. लांब फळी चिरताना फूटभर पुढे गेलो की यंत्र बंद करतो, ब्लेड थांबू देतो आणि मागच्या खाचेत लाकडाची पाचर हलकेच बसवतो. या धाग्यावरचे माझे नाव तिथूनच आले आहे. जुने लाकूड असेल तर कापण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. वाशांमध्ये खिळे कुठे मोडून राहिले आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. सागवानात सिलिका (वाळूत असतो तो कठीण पदार्थ) असल्यामुळे ब्लेडची धारही लवकर जाते, तेव्हा दुसरे ब्लेड जवळ असू द्यावे.

पैलतीर

मी बरीच वर्षे अमेरिकेत आहे आणि घरच्या गॅरेजमध्ये काम करतो. आधी एक सूचना. इथून येणाऱ्या नातेवाइकांकडून करवत मागवण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. इथली यंत्रे १२० व्होल्टची असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ती थेट लावली तर मोटर जळते, आणि एवढ्या शक्तीला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर करवतीहून जड भरतो.

इथे टेबल सॉ घरोघरी दिसते आणि अपघातही तिच्यावरच होतात. २००४ पासून सॉस्टॉप या कंपनीची टेबल सॉ बाजारात आहे. तिच्या ब्लेडमधून बारीक विद्युतसंकेत फिरत असतो, बोटाचा स्पर्श होताच तो बदलतो आणि सुमारे पाच मिलिसेकंदांत ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडच्या दातांत घुसून ते थांबवतो. ब्लेड वाया जाते, बोट वाचते. पण तिची किंमत इथेही अनेकांना परवडत नाही, आणि १० बाय ४ च्या गॅलरीत ८ फुटी शीट टेबल सॉवरून सरकवायला पुढे ८ आणि मागे ८ फूट जागा लागेल, ती येणार कुठून? तुमच्या जागेत लाकूड स्थिर आणि करवत फिरती, हेच योग्य आहे.

मोठ्या सर्क्युलर सॉला सरळ चालवण्यासाठी मी घरी केलेली एक पट्टी वापरतो. तिची कृती नीट सांगतो, कारण आम्रपर्ण यांचे निम्मे काम तीच करणार आहे.

६ मिलिमीटर प्लायची साधारण ३०० मिलिमीटर रुंद आणि कापाहून थोडी लांब पट्टी घ्या. तिच्यावर १२ मिलिमीटर प्लायची १०० मिलिमीटर रुंद दुसरी पट्टी गोंद आणि स्क्रूने पक्की करा. या वरच्या पट्टीची एक कड कारखान्यातून आलेली, म्हणजे शीटची मूळ कड असावी, कारण तिच्याइतकी सरळ कड आपल्या हातून सुरुवातीला होत नाही. खालची पट्टी त्या कडेच्या बाहेर, करवतीच्या बेस प्लेटपेक्षा (लाकडावर टेकणाऱ्या तळाच्या सपाट पत्र्यापेक्षा) बोटभर जास्त राहील अशी ठेवा. गोंद वाळला की बेस प्लेट त्या मूळ कडेला टेकवून करवत एकदा टोकापासून टोकापर्यंत चालवा. खालच्या पट्टीचा जादा भाग कापून पडतो, आणि जी नवी कड उरते ती म्हणजे तुमच्या ब्लेडची नेमकी रेषा. पुढच्या वेळी आखलेल्या रेषेवर ती कड ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावायचे आणि करवत चालवायची. बेस प्लेटपासून ब्लेड किती अंतरावर आहे याची वजाबाकी करावी लागत नाही. ती कड लाकडाच्या धाग्यांवर दाबून बसलेली असल्यामुळे त्या अंगाला पाकळ्याही (कडेचे बारीक टवके) फारशा निघत नाहीत. ही पट्टी त्या एका करवतीची आणि त्या जाडीच्या ब्लेडची असते, हे विसरू नये. ब्लेड बदलले आणि त्याचे दात जाड किंवा बारीक निघाले, तर रेषा तेवढी सरकते.

आम्रपर्ण

सर्वांचे मनापासून आभार. पाचर, तुमचा अनुभव वाचून कटरचा विचार पूर्णपणे बाद केला आहे. ७ इंची सर्क्युलर सॉ घ्यायचे जवळजवळ ठरले. अजून तीन शंका आहेत. गॅलरीत फक्त ६ अँपिअरचा लहान सॉकेट आहे, तो चालेल का? एवढी मोठी शीट गॅलरीत ठेवून कापायची कशी? आणि दुकानात यंत्र पाहताना नेमके काय तपासावे?

वखारीतला

मी प्लायवुडच्या दुकानात काम करतो, म्हणून दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. ८ बाय ४ फुटांच्या १८ मिलिमीटरच्या शीटचे वजन ३० ते ३५ किलो भरते, आणि बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही. अनेक दुकानांत कापण्याचे मोठे यंत्र असते आणि फुटावर पैसे घेऊन शीट कापून मिळते. तिथे मापाला नेमके कापून घेऊ नका, एक सूत जादा ठेवून चार मोठे तुकडे करून घ्या. ते जिन्याने सहज वर जातात आणि शेवटचा नेमका काप तुमच्या हातात राहतो. दुकानातला काप घाईचा असतो आणि कडांना पाकळ्या निघतात, हे आमच्याच दुकानाबद्दल सांगतो आहे.

घरी स्टुलांवर आडवी ठेवून शीट कापू नका. मधला भाग खाली झुकतो, खाच मिटते आणि ब्लेड चिमटते. जमिनीवर दोन इंच जाडीचे थर्मोकोल पसरा, त्यावर तुकडा पूर्ण टेकवा आणि ब्लेडची खोली प्लायच्या जाडीपेक्षा फक्त ४ ते ५ मिलिमीटर जास्त ठेवा. ब्लेड थर्मोकोलमध्ये तेवढेच जाते आणि कापून झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहतात. सर्क्युलर सॉचे दात खालून वर येतात, म्हणून पाकळ्या वरच्या बाजूला निघतात. चांगली बाजू खाली ठेवायची. टेबल सॉवर हे नेमके उलटे असते आणि त्यात अनेकांची गल्लत होते.

दुकानात यंत्राची पिन काढलेली असताना गार्डची दांडी वर ओढून सोडा. गार्ड अडखळत परत आला तर ते यंत्र घेऊ नका. मग ब्लेडच्या एका दातावर पेनने खूण करा, तो दात पुढे आणून बेस प्लेटच्या कडेपासून त्याचे अंतर मोजा, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही अंतरे सारखी आली नाहीत, तर करवत पट्टीला धरून चालताना ब्लेड तिरके घासत जाईल, लाकूड जळेल आणि उसळी बसण्याचा धोका वाढेल. गुण्या बरोबर न्या, ९० अंशांची खूण खरोखर ९० ला आहे का ते पाहा. बेस प्लेट पातळ पत्र्याची असेल तर ती एकदा खाली पडली की वाकते, म्हणून ओतीव असेल तर उत्तम. यंत्राबरोबर येणारे २४ दातांचे ब्लेड फळ्या चिरायला ठीक आहे. प्लायसाठी ४० दातांचे वेगळे घ्या, मधल्या भोकाचा व्यास जुळवा, आणि ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे याची खात्री करा.

शिसवी

विजेबद्दल. १,४०० वॅटची करवत २३० व्होल्टवर ६ अँपिअरपेक्षा थोडी जास्त वीज घेते, आणि सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा असतो. लहान सॉकेटवर ती चालवू नये. गीझर किंवा ए.सी. साठी असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट जवळ असेल तर तिथून जाड तारेची, निदान १.५ चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन आणावी आणि ती गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली तार तापते. तार नेहमी खांद्यामागून जाऊ द्यावी.

एकूण रकमेतला तिसरा हिस्सा यंत्राबाहेरच्या वस्तूंसाठी राखून ठेवा: प्लायचे ब्लेड, चार क्लॅम्प, डोळ्यांचा चष्मा, कानांवरचे मफ आणि एन-९५ मास्क. लाकडाचा भुसा निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. गॅलरीत वारा असला तरी मास्क काढू नका. हातमोजे मात्र करवत चालवताना घालू नयेत, ओढणी आणि सैल बाह्याही नकोत.

आम्रपर्ण

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. दुकानात पहिल्या यंत्राच्या खूण केलेल्या दातात पुढे आणि मागे दोन मिलिमीटरचा फरक निघाला. दुकानदार म्हणाला की एवढ्याने काही होत नाही. मी दुसरे यंत्र उघडायला लावले. त्यात फरक जवळजवळ शून्य होता, तेच घेतले.

पट्टी पैलतीर यांच्या कृतीने केली. शीटचे तुकडे दुकानातून जादा मापाचे आणले, इमारतीच्या गच्चीवर थर्मोकोल पसरले आणि रविवारी सकाळी अकरा वाजता शेजाऱ्यांना सांगून काम सुरू केले. पहिल्या कापाला मी यंत्र मध्येच थांबवले, कारण आवाजाने छाती धडधडू लागली होती. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, करवत चार बोटे मागे घेतली, ब्लेड खाचेत मोकळे आहे हे पाहून पुन्हा सुरू केली. दुसऱ्या कापापासून हात स्थिर झाला. ४ फुटांच्या कापाला मिनिटभरही लागले नाही. कपाटाच्या दोन उभ्या बाजू एकमेकींवर ठेवून कडेवरून नख फिरवले, तर कुठेही पायरी लागली नाही. गुण्या लावला आणि उजेडाकडे धरून पाहिले, तर पात्याखालून उजेड आला नाही. हे मी पहिल्यांदाच अनुभवले.

जिगसॉ अजून घेतलेली नाही, टेबलाचे कोपरे हातकरवत आणि कानशीने गोल केले. आता एक शेवटची विचारणा: टेबलाच्या वरच्या फळीवर सनमायका आधीच चिकटवला आहे, आणि ती फळी अर्धा इंच कमी करायची आहे. त्याचे टवके न उडवता ती कशी कापावी?

वखारीतला

६० दातांचे ब्लेड लावा आणि सनमायकाची बाजू खाली ठेवा. आधी त्या बाजूला रेषेवर सनमायका कापायच्या हातकटरने, पोलादी पट्टी धरून, तीनचार वेळा खोल चरा पाडून घ्या, आणि काप त्या चऱ्याच्या टाकाऊ अंगाला अर्धा मिलिमीटर ठेवून घ्या. उरलेली कड बारीक कानशीने, सनमायकाकडून प्लायकडे एकाच दिशेने ओढत साफ करा. उलट्या दिशेने ओढली तर तिथेच टवका उडेल.